वाशीमचे नातेवाईक

स्वेटरला एकच बाही होती. डावी. उजव्या बाजूला खांद्यापाशी मालूताईंनी टाके घट्ट आवळून तोंड बंद करून टाकलं होतं.

"पाठवशील ना गं?" त्या म्हणाल्या. "इंदूताई म्हणाली होती, मीच नेऊन देईन. आता तिचंच असं झालं."

"कुणाला पाठवू?" मी विचारलं.

"तुमच्या बापूला. वाशीमच्या."

आईला जाऊन पाच दिवस झाले होते. सांगलीच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती आणि तिच्यावर आईच्या भिशीतल्या सहा-सात बायका समाचाराला येऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली पैशांची भिशी कधीच बंद पडली होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, खायचं आणि गप्पा मारायच्या एवढंच उरलं होतं. हे मला आईकडून फोनवर कळलं होतं. वाशीमच्या बापूबद्दल मात्र काहीच माहीत नव्हतं. आईचं माहेर विट्याचं, वडिलांचं गाव तासगावजवळ. वाशीम नकाशात दाखव म्हटलं असतं तर आमच्या घरात कुणाचंही बोट आधी दोन-तीन जिल्हे फिरून आलं असतं.

"वाशीमला आमचं कुणी..." मी बोलायला लागले, तोच शालनकाकींनी मध्येच विचारलं, "आणि मुरलीकाकांच्या घरी कळवलंस का? नाहीतर त्यांना कळायला दीड दिवस लागायचा. त्यांच्यात तशी पद्धतच आहे."

शालनकाकी त्या गटाच्या म्होरक्या. नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि आवाज सगळ्या दुकानाला पुरेल एवढा.

"कोण मुरलीकाका?"

मालूताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. शालनकाकी शेजारणीच्या कानात बोलल्या, पण त्यांचं कानात बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. "परिणाम झालाय पोरीवर. रडली नाही ना अजून, म्हणून."

मी रडले नव्हते हे खरं होतं. त्याचं कारण त्यांना माहीत नव्हतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कपाटात साड्यांच्या खाली मला मिरजेच्या एका इस्पितळाची फाईल सापडली होती. ऑगस्ट महिन्यातली. स्वादुपिंडाचा कर्करोग, बराच पुढे गेलेला. आई मार्चमध्ये गेली. मी इस्पितळात जाऊन डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, "त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. एकट्याच यायच्या. रिक्षानं. उपचार नको म्हणाल्या, दुखलं तर गोळ्या द्या म्हणाल्या."

या सात महिन्यांत मी पुण्याहून दर रविवारी सकाळी दहाला तिला फोन करत होते. दिवाळीत चार दिवस येऊनही गेले होते. ती बारीक दिसते म्हटल्यावर तिनं मला, संध्याकाळचं जेवण सोडलंय, असं सांगितलं होतं आणि मी तिचं कौतुक केलं होतं.

आज या गोष्टीला वीस वर्षं होत आली, पण त्या पाच दिवसांत माझ्या डोक्यात काय होतं ते अजून जसंच्या तसं आठवतं. दुःख नव्हतं, राग होता. रागाच्या खाली एकच प्रश्न होता: सात महिने ती कुणाशी बोलली? घाबरली असेल तेव्हा कुणाचा हात धरला? मी शेजारच्या आवटीवहिनींना विचारलं, चुलतभावाला विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. म्हणजे एवढं सगळं घेऊन ती या दोन खोल्यांत एकटी बसली होती, आणि मी तिची एकुलती एक मुलगी असून तिला त्यात माझा उपयोग वाटला नव्हता.

बायका उठल्या. जाताना शालनकाकी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात भिशी हिच्याकडंच होती. दुसरा शनिवार. तेरावं झालं की दार बंद करून पुण्याला पळू नकोस. आम्ही येणार आहोत. इंदूताईनं आमची एक गोष्ट अर्धी ठेवलीय."

*

त्या दुपारी मी आईचं पुस्तकांचं कपाट उघडलं.

आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या जमान्यात साऱ्या जिल्ह्याच्या जन्म-मरणाच्या बातम्या तिच्या कानांवरून गेल्या होत्या. ती सांगायची, मयताची बातमी द्यायला फोन करणारा माणूस आधी विचारतो, जेवलात का. तिचं इंग्रजी नोकरीत तयार झालं होतं आणि वाचून वाढलं होतं. तरीही कपाटाच्या खालच्या खणात माझी एम.ए.च्या वेळची पुस्तकं निघतील असं मला वाटलं नव्हतं. अमेरिकन कथांचे तीन जाड संग्रह. पुण्याच्या फुटपाथवर घेतलेले, मी इथंच टाकून गेलेले. त्या कथांवर मी कॉलेजात शिकवलं होतं. मृत्यूची थट्टा, तिची वैशिष्ट्यं, पाच मुद्दे, उदाहरणासह स्पष्ट करा.

पुस्तकांच्या समासांत आईचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर होतं.

पहिल्याच कथेत अर्ल नावाच्या इसमाचा हात टर्की कोंबड्या सोलायच्या यंत्रात जातो. समासात लिहिलं होतं: अर्ल – बापू. टर्कीचं यंत्र – शेंगा मळायचं. पुढे हा अर्ल गावच्या कमिटीच्या निवडणुकीला उभा राहतो, मतदान हात वर करून असतं आणि तो एका मतानं पडतो, कारण सवयीनं त्यानं नसलेला हात वर केलेला असतो. समासात: ग्रामपंचायत. त्याखाली: इथं थांबायचं, हसू देत.

दुसऱ्या कथेत सणाच्या जेवणाला जमलेलं कुटुंब टीव्हीवर मॅच बघत असतं आणि आरामखुर्चीतले काका केव्हाच वारलेले असतात. दीड दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, उलट मॅचमध्ये मध्येमध्ये बोलत नाहीत म्हणून सगळे त्यांच्यावर खूश असतात. समासात: थँक्सगिव्हिंग – लक्ष्मीपूजन. काका – मुरली. तिसऱ्या कथेत इस्पितळातून भलताच मृतदेह मिळतो, नातेवाइकांना ते अर्ध्या वाटेत कळतं, पण पाद्री घाईत असतो आणि लोक लांबून आलेले असतात, म्हणून ते तसंच उरकतात. काकू म्हणते, आपल्याला त्यांचं मिळालं, त्यांना आपलं मिळालं असेल, ते काही टाकून देणार नाहीत. समासात: पाद्री – भटजी. आणि प्रत्येक कथेच्या शीर्षकाशेजारी, मग ती कुठल्याही राज्यात घडो, एकच शब्द: वाशीम.

वाशीम का, हे समजायला वेळ लागला नाही. आई भिशीत या गोष्टी आपल्याच नातेवाइकांच्या म्हणून सांगत होती, आणि सांगलीत वाशीमचं माणूस सहसा भेटत नाही.

मी जमिनीवर बसून ती पानं वाचत गेले. मी शिकवत असे तेव्हा या कथा मला हुशार वाटायच्या, थोड्या निर्दयही. त्या दुपारी तसं वाटलं नाही. त्यांच्यात कुणी मेलं की आभाळ भरून येत नाही, समई विझत नाही. फ्रिज बिघडतो. मयताच्या घरी पाच जण एकच पदार्थ घेऊन येतात आणि तो आठवडाभर खावा लागतो. लेखक कुणाचीही कीव करत नाही, त्यामुळे ते काम वाचणाऱ्यावर येऊन पडतं. एका ठिकाणी विधवा बाई नवऱ्याच्या शवपेटीकडे बघून म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा याला बसेल अशी वस्तू मिळाली. त्या ओळीखाली आईनं रेघ मारून लिहिलं होतं, "तुझ्या बाबांचे बूट."

बाबांचे पाय वेडेवाकडे होते. कुठलाही बूट त्यांना चावायचा. मी हसले. बाहेर आवटीवहिनी वाळवण राखत बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल म्हणून तोंडावर हात धरून हसले. आई गेल्यापासून घरात हसण्याचा तो पहिला आवाज होता.

पण राग गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत मी ठरवूनही टाकलं होतं की भिशीच्या दिवशी या बायकांना पुस्तकं दाखवायची आणि खरं सांगायचं. त्यांनी एका काल्पनिक हाताला स्वेटर विणू नये. आईनं माझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. निदान बाकीच्या तरी उघड्यावर याव्यात.

*

दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला त्या आल्या. मी पन्हं केलं होतं, चिवडा केला होता. तिन्ही पुस्तकं दिवाणाजवळच्या स्टुलावर ठेवून वर रुमाल टाकला होता.

"बापूला स्वेटर पोचला का गं?" मालूताईंनी चप्पल काढताकाढताच विचारलं.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पहिल्याच पायरीवर माझा पाय निसटला. "पोचला," मी म्हटलं. "अगदी मापात बसला."

"बसणारच. इंदूताईनं माप दिलं होतं."

चिवडा झाला, आईच्या आठवणी झाल्या. शालनकाकी मांडी बदलून म्हणाल्या, "हां. आता विमलमावशीचं सांग. तिचं काय झालं?"

मी तिन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. त्यांत विमल होईल अशी कुणी नव्हती.

"कुठवर आलं होतं?" मी विचारलं. "मला जरा आठवण करून द्या."

"तुझीच मावशी आणि आम्ही आठवण करून द्यायची? घ्या!" शालनकाकींना मात्र तेच हवं होतं. "विमलमावशीला डॉक्टरनं सांगितलं, तुमचं काही खरं नाही. सात-आठ महिने. पोटात आतल्या बाजूला कायतरी. तर ही बया रडली का? नाही. दवाखान्यातनं निघाली ती थेट कुठं गेली?"

"मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात," मालूताई म्हणाल्या आणि आधीच हसायला लागल्या.

"तू थांब की, मी सांगते. दुकानदार विचारतोय, काय पाहिजे? म्हणाली, सगळंच. कळक, सुतळी, मडकं. तो म्हणतोय, माणूस केवढं आहे? तर ही सरळ उभी राहिली." शालनकाकी सतरंजीवर उठून ताठ उभ्या राहिल्या, हात मांड्यांना चिकटवून. "म्हणाली, एवढं! मोजून घ्या. नंतर पाय बाहेर राहिले तर मला उठून सांगता यायचं नाही."

खोली हसण्यानं भरून गेली.

"आणि मडकं! मडक्याचं राहिलं," कुणीतरी आठवण केली.

"मडकं तिनं वाजवून बघितलं. उजेडात धरून बघितलं, गळतंय का. दुकानदार म्हणतोय, बाई, गळकं असलं तरी चालतंय, फोडायचंच असतंय. तर म्हणाली, माझ्या घरात आजवर गळकं भांडं आलेलं नाही, ते शेवटच्या दिवशी कशाला?"

मीही हसले. हसता हसता मला वाटलं, हे अमेरिकेतलं नाही. हे कुठल्याच पुस्तकातलं नाही. आई बाजारात मडकं असंच वाजवून घ्यायची.

"तिला मुलंबाळं नव्हती का?" मी विचारलं.

"मुलगी आहे की. नागपूरला. मास्तरीण," मालूताई म्हणाल्या. "गुणाची आहे. दर रविवारी फोन करते आणि आईला कोमट पाणी प्यायला सांगते."

"ते कोमट पाणी!" शालनकाकींनी मांडीवर थाप मारली. "विमलमावशी म्हणायची, यम आला तर त्याला म्हणावं बाहेर बस, माझं कोमट पाणी व्हायचंय."

माझ्या हातात पन्ह्याचा पेला होता. तो मी खाली ठेवला. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी पी, त्यात अर्धं लिंबू पिळ, हे मी किती रविवार सांगितलं होतं याची गणती नव्हती. ती म्हणायची, हो बाई, पिते.

"मुलीला सांगितलं नाही तिनं?" मी विचारलं.

"तेच आम्ही विचारलं. म्हटलं, हे काय गं इंदूताई, असं कुठं असतंय? पोटच्या पोरीला नाही सांगायचं? तर म्हणाली, विमलचं म्हणणं असं होतं: सांगितलं तर ती येऊन बसणार आणि रडणार. मग मलाच तिची समजूत काढावी लागणार. मरायचंही मी आणि समजूतही मीच काढायची? एका वेळी एकच काम होईल माझ्यानं."

पुन्हा सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर मालूताई हळू आवाजात म्हणाल्या, "पण त्याच्यापुढं आणखी एक म्हणाली होती. तुम्हा कुणाच्या लक्षात नाही. म्हणाली, रविवारी फोनवर दहा मिनिटं विमल अगदी ठणठणीत असते. पोरगी आमटीत काय घालू विचारते, ती सांगते. सगळ्या आठवड्यात तेवढीच जागा उरलीय जिथं ती आजारी नाही. तीही कशाला घालवायची?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"ही गोष्ट तिनं कधी सुरू केली?" मी विचारलं.

"नवरात्रात," शालनकाकी म्हणाल्या. "मग दर महिन्याला थोडी थोडी. बाकीच्यांना एका बैठकीत मारायची, हिला मात्र लांबवत बसली."

"आणि सांगताना... आई कशी असायची?"

"कशी म्हणजे? आमच्याआधी तीच हसायची. डोळ्यांतनं पाणी यायचं तिच्या. संक्रांतीच्या वेळी तर हसू आवरेना म्हणून मालूचा हात धरून बसली होती. किती वेळ गं?"

"बराच वेळ," मालूताई म्हणाल्या. "हात गार पडला होता तिचा. मी दोन्ही हातांत धरून चोळत बसले होते."

मी स्टुलाकडे पाहिलं. मग उठले, रुमालासकट पुस्तकं उचलली आणि आतल्या खोलीत कॉटवर ठेवून आले. परत येऊन सतरंजीवर बसले, आईच्या जागेवर.

"विमलमावशी गेली," मी म्हटलं.

"अगं आई," मालूताई म्हणाल्या. "कधी?"

"मागच्या महिन्यात. सकाळी. गॅस संपला होता."

"गॅस कुठं आला मध्येच?" शालनकाकी म्हणाल्या.

"ऐका तर. दोन दिवस ती एजन्सीला फोन लावत होती आणि दोन दिवस एंगेज. तिसऱ्या दिवशी सकाळी लागला. तिनं ग्राहक नंबर सांगितला, नाव सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, होल्ड करा. आणि गाणं लावून गेला. विमलमावशी खुर्चीत बसून होल्ड करत राहिली. तो परत आला, म्हणाला, झालं बुकिंग. इकडून काही उत्तर नाही. त्याला राग आला. दोन मिनिटं मी यांचं कार्ड शोधतोय आणि बाई साधं थँक्यू म्हणत नाहीत."

शालनकाकी फिस्सकन हसल्या. मला ते ऐकू आलं आणि माझा आवाज सैल झाला. आई कुठे थांबत असेल ते मला आपोआप समजत गेलं.

"मुलगी आली, माणसं जमली. तिरडी बांधून झाली, आता उचलायचं. तेवढ्यात फाटकातून खांद्यावर सिलिंडर घेऊन माणूस आला. सगळे बाजूला झाले. तो सरळ विमलमावशीपर्यंत आला, थांबला, म्हणाला, बुकिंग विमलबाईंच्या नावावर आहे, सही त्यांचीच लागेल."

"अगं बाई गं!" कुणीतरी पदर तोंडात कोंबला.

"चुलतभाऊ म्हणाला, अहो, त्याच विमलबाई. तो म्हणाला, बरं, मग घरातलं दुसरं कुणी? शेवटी मुलीनं सही केली. त्यानं मुकाट्यानं रिकामा सिलिंडर उचलला आणि जाताना पाया पडून गेला. कुणाच्या, ते कळलं नाही."

सगळ्या हसत होत्या. शालनकाकींचा आवाज सगळ्यांत वर होता, त्यांनी पोट धरलं होतं. मी पुढे म्हणाले, "सकाळी शेजारणीनं तिला बघितलं तेव्हा रिसिव्हर कानालाच होता. पलीकडून नुसतं टूं टूं चालू होतं. शेजारीण भल्या मनाची. तिला वाटलं, हे बरं दिसत नाही. तिनं रिसिव्हर जागेवर ठेवला, आपल्या देवघरातली जपमाळ आणून विमलमावशीच्या हातात दिली आणि मग सगळ्यांना बोलावलं."

आईच्या हातात आवटीवहिनींनी ठेवलेली जपमाळ त्या सगळ्यांनी पाहिली होती. आईनं जन्मात कधी जप केला नव्हता. शालनकाकींचं हसणं मध्येच थांबलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खोलीतल्या टेलिफोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बाकीच्या अजून डोळे पुसत हसत होत्या.

"आणि मुलगी?" मालूताईंनी विचारलं. "तिला मागाहून सगळं कळलं असेल. चिडली असेल ना गं आईवर?"

"चिडली होती. खूप."

"मग?"

"मग तिला आईच्या मैत्रिणी भेटल्या."

मालूताईंनी समाधानानं मान हलवली. शालनकाकींनी पुढ्यातला पन्ह्याचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. पदरानं आधी तोंड पुसलं, मग डोळे. बराच वेळ पुसले. एकीनं विचारलं, काय गं, काय झालं, तर म्हणाल्या, हसून हसून पाणी आलं.

मग त्या घसा खाकरून, नेहमीच्या दुकानी आवाजात म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझ्याकडं. पुण्याची सकाळची गाडी धरलीस तर जेवायलाच येशील. वाशीमला अजून कुणी शिल्लक आहे का गं, उजू?"

"आहेत की," मी म्हटलं. "बरेच आहेत."